आधी सुटका, मग सही : परदेशी बास्केटबॉल हंगामाचं काम आतून

परदेशी क्लबकडून खेळायचंय म्हणून कुणी आलं की आधी मोबाइल पुढे येतो. तीन मिनिटांचा व्हिडिओ, मागे ढणढणतं संगीत, दोन डंक (उडी मारून हाताने रिंगमध्ये घातलेले चेंडू), लांबून टाकलेले तीन गुणांचे चार-पाच थ्री. तो नंतर बघायचा. आधी विचारायचं, "आत्ता तू कुणाकडे बांधलेला आहेस?" रेल्वेत नोकरी आहे का, बँकेच्या संघाकडून मानधन येतं का, नोंदणी ठाणे जिल्ह्याची की मुंबईची, गेल्या वर्षी ज्या लीगमध्ये खेळलास तिथे कशावर सही केलीस आणि त्याची प्रत कुठे आहे? शेवटच्या प्रश्नाला हमखास उत्तर येतं, "सरांकडे असेल." काम तिथूनच सुरू होतं.

आम्ही एजंट नाही. ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यातल्या खेळाडूंचा सराव, तपासण्या आणि कागदपत्रं यांची घडी बसवून द्यायची, एवढंच करतो. आमच्यात एक फिजिओ, एक हिशेब सांभाळणारा, बाकीचे जुने खेळाडू. देशोदेशी फिरून खेळणाऱ्याचं पोट नवा क्लब मिळवण्यावर चालतं असं सगळ्यांना वाटतं. ते जुन्या क्लबातून स्वच्छ सुटण्यावर जास्त चालतं. मागचं दार नीट बंद झालं नसेल तर पुढचं उघडतच नाही, आणि ते का, हे फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत स्पष्ट लिहिलेलं आहे.

अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा विक्रम इश स्मिथच्या नावावर आहे : १३ संघ. तेराव्या संघाकडून, म्हणजे डेन्व्हरकडून, २०२३ मध्ये त्याला विजेतेपदही मिळालं. पण एनबीएतली फिरती सुखाची. ट्रेड झाला, म्हणजे संघांनी आपसात खेळाडू बदलले, की करार जसाच्या तसा नव्या संघाकडे जातो, पगार अडकत नाही, देश बहुतेक वेळा तोच. आपल्याकडचे खेळाडू ज्या वाटेने गेले ती वाट खडबडीत. अमज्योत सिंग जपानमध्ये टोकियो एक्सलन्सकडून खेळला, २०१७ मध्ये एनबीएच्या खालच्या जी लीगमध्ये ओक्लाहोमा सिटी ब्लूकडे गेला, तिथून विस्कॉन्सिन हर्डकडे. अमृतपाल सिंगही टोकियोमार्गेच सिडनी किंग्जपर्यंत पोहोचला आणि ऑस्ट्रेलियाच्या एनबीएलमध्ये खेळणारा पहिला भारतीय ठरला. सतनाम सिंगला २०१५ मध्ये एनबीएच्या डॅलस संघाने ५२व्या क्रमांकावर निवडलं. तो टेक्सास लेजंड्सकडून खेळला आणि पुढे कॅनडात सेंट जॉन्स एजकडे गेला. या सगळ्यांच्या आधी गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियात रिंगवुड हॉक्सकडून खेळून आली होती आणि २०११ मध्ये तिने डब्ल्यूएनबीए या अमेरिकेच्या महिला लीगच्या संघांकडे चाचण्याही दिल्या. या प्रत्येक उडीत देश बदलला की महासंघ बदलतो, करार नवा, व्हिसा नवा, तपासणारा डॉक्टर नवा.

आता कॅलेंडर. युरोपातल्या बहुतेक लीग सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरमध्ये सुरू होतात आणि मेपर्यंत चालतात. संघ ऑगस्टमध्ये एकत्र येतात. जपानची बी.लीग ऑक्टोबर ते मे. ऑस्ट्रेलियाची एनबीएल साधारण त्याच सुमाराला सुरू होऊन लवकर आटोपते, मग शेजारच्या न्यूझीलंडची लीग एप्रिलपासून रंगते. म्हणून एकच खेळाडू वर्षात दोन्हीकडे खेळू शकतो. प्वेर्तो रिकोची लीग उन्हाळी, युरोपातून मोकळे झालेले तिकडे वळतात. फिलिपिन्सच्या पीबीएमध्ये एका स्पर्धेत परदेशी खेळाडूला मज्जावच असतो, बाकीच्यांत संघाला एक परदेशी मिळतो आणि काही वेळा त्याच्या उंचीलाही मर्यादा असते. एनबीएत ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करार सुरू होतात. एका संघाकडून असे दोनच, तिसऱ्यांदा ठेवायचं तर उरलेल्या हंगामाचा करार करावा लागतो. आपल्या मुलांना त्याचा थेट उपयोग नाही, पण परिणाम पोहोचतो : जी लीगमधून कुणी वर गेला की खाली जागा, त्या जागेवर युरोपातून कुणी गेला की तिकडे जागा. जानेवारीत अचानक फोन येतात ते यामुळे.

आपली अडचण पावसाची. युरोपी क्लबला खेळाडू ऑगस्टमध्ये तयार हवा असतो आणि ठाणे-नवी मुंबईतली बहुतेक कोर्ट उघड्यावर, सिमेंटची. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून ती हातची गेली म्हणायची. छताखालचं लाकडी कोर्ट मोजक्या ठिकाणी मिळतं, तिथे बॅडमिंटनवाल्यांनी आधीच वेळा धरून ठेवलेल्या असतात. म्हणून मोठा नेमबाजीचा सराव मार्च ते मे उरकायचा, पहाटे साडेपाच ते आठ, कारण नंतर सिमेंट तापतं. पावसाळा जिम, धाव आणि आठवड्यातून जितक्या वेळा लाकडी कोर्ट मिळेल तितका पाच-पाचचा खेळ यासाठी. सिमेंटवर पाच-पाच खेळवतच बसलं तर गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध कुरकुरायला लागतो, आणि ते दुखणं ऑगस्टमधल्या दिवसातून दोन सरावांत हमखास उफाळतं. बुटांच्या दोन जोड्या ठेवायच्या. सिमेंटवर घासलेला तळवा लाकडावर घसरतो, घोटा तिथेच मुरगळतो.

कोर्टाच्या रेघांवर भरवसा ठेवू नका. फिबाने २०१०मध्ये थ्री-पॉइंटची रेघ ६.२५ मीटरवरून ६.७५वर नेली आणि रिंगखालचा समलंब चौकोन काढून आयत आणला. आपल्याकडच्या कितीतरी शाळांच्या आणि सोसायट्यांच्या मैदानांवर अजून तो खाली पसरट, वर निमुळता चौकोन दिसतो. रंगारी जुनी रेघच गिरवत जातो. त्या रेघेवरून वर्षानुवर्षं शॉट मारणाऱ्याला आपण थ्री मारतोय असं वाटतं, आणि परदेशात पहिल्याच आठवड्यात त्याचे चेंडू रिंगच्या पुढच्या कडेला आपटायला लागतात.

टेप, खडू आणि दोन माणसं घेऊन हे अर्ध्या तासात दुरुस्त होतं. एंडलाइनच्या (रिंगमागच्या रेघेच्या) आतल्या कडेच्या मध्यापासून कोर्टात १.५७५ मीटरवर खूण करायची. रिंगचा मध्य नेमका या बिंदूवर येतो. रिंगवरून ओळंबा सोडून ताडून बघा, कारण जुना खांब पुढे झुकलेला असतो. मग बिंदूवर टेपचं टोक दाबून ६.७५ मीटरची कमान खडूने काढायची. हे अंतर रेघेच्या बाहेरच्या कडेपर्यंतचं. कोपऱ्यात कमान चालत नाही, तिथे साइडलाइनच्या आतल्या कडेपासून ९० सेंटिमीटर आत सरळ रेघ, म्हणजे कोपऱ्यातला थ्री ६.६० मीटरचा. पाय ठेवायला ९० सेंटिमीटरच उरतात. आपल्या मुलांची टाच तिथे साइडलाइनवर पडते आणि चेंडू फुकट जातो, तेव्हा उभं कसं राहायचं हे घोटून घ्यायचं. फ्री थ्रोची रेघ एंडलाइनपासून ५.८० मीटर. शेवटी रिंगची उंची : ३.०५ मीटर हवी. मैदानावर नवा थर ओतला की जमीन वर येते आणि खांब तिथेच राहतो, त्यामुळे चार-सहा सेंटिमीटर सहज खातात. खेळाडूला ते कळत नाही, पण मनगटाला सवय लागते.

जी लीग किंवा एनबीएची चाचणी असेल तर आणखी एक कमान ७.२४ मीटरवर. तिथे बचावात नुसतं रिंगखाली उभं राहण्यावरही तीन सेकंदांचं बंधन असतं, फिबात नसतं. उलट फिबात चेंडू रिंगला लागला की कुणीही तो वरून ढकलू किंवा काढू शकतो, आणि आपल्या उंच मुलांनी हा फायदा उचलायला शिकलंच पाहिजे. जी लीगमध्ये तर २०१९-२०पासून दोन किंवा तीन फ्री थ्रोऐवजी बराच वेळ एकच मारतात आणि तो आत गेला तर सगळे गुण मिळतात. ६० टक्क्यांचा फ्री थ्रोवाला तिथे महागात पडतो.

आता तो व्हिडिओ. क्लबचा प्रशिक्षक हायलाइट्स बघतो ते तोंडओळख म्हणून. ठरवतो ते पूर्ण सामन्यांवरून. मोठ्या लीगचे सामने स्काउटिंगच्या प्रणालींवर प्रत्येक चेंडूनिशी कापलेले मिळतात, आपल्या जिल्हा-राज्य सामन्यांचं तसं काही नसतं. ते आपणच करायचं. कॅमेरा मधल्या रेघेच्या समोर, शक्यतो तीन-चार मीटर उंचीवर, गॅलरी नसेल तर शिडीवर. एका वेळी अर्धं कोर्ट पूर्ण दिसेल इतकी चौकट. जर्सीचा नंबर वाचता आला पाहिजे आणि मध्ये कापाकापी नको. असे तीन सामने पुरतात, त्यात एक हरलेला असावा. मग पाच-सहा मिनिटांची फीत, संगीताशिवाय, प्रकारवार लावलेली : पिक अँड रोलचा (साथीदाराने आडवं उभं राहून बचावपटूला अडवायचं आणि मग रिंगकडे वळायचं, या चालीचा) बचाव, मदतीला जाऊन परत आपल्या माणसाकडे धावणं, पकडून लगेच मारलेले शॉट. बचाव आधी. परदेशी खेळाडूच्या जागेवर पैसा मोजणारा क्लब गुण करणारा शोधतोच, पण भारतातून आलेल्या अनोळखी माणसाला आधी "हा टिकेल का?" एवढंच बघतात. उंची अनवाणी मोजून लिहा. दोन इंच वाढवलेले तपासणीच्या दिवशी भिंतीला टेकवल्यावर जातात, आणि त्याबरोबर बाकी कागदांवरचा विश्वासही जातो.

नोकरीतल्या खेळाडूची सुटका सगळ्यात किचकट. खेळाडू कोट्यातून रेल्वेत किंवा सरकारी खात्यात असलेल्याला परवानगीशिवाय दुसरीकडे पगारी काम करता येत नाही. "रजा टाकतो आणि जातो" हे चालत नाही. एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला की चौकशी लागते. खात्याचं लेखी ना हरकत पत्र, त्यात देश, कालावधी आणि मानधन घेण्याची परवानगी या तिन्हींचा उल्लेख हवा. नुसतं "परदेश प्रवासास हरकत नाही" असं पत्र अपुरं. हे पत्र टेबलाटेबलावरून फिरत येतं, म्हणून क्लब सापडायच्या आधीच, जानेवारी-फेब्रुवारीत अर्ज टाकून ठेवायचा. घरचे इथे हमखास अडतात. ऐरोलीच्या एका आईने आम्हाला सरळ विचारलं, "पक्की नोकरी सोडून नऊ महिन्यांच्या पगाराला पाठवू? दहाव्या महिन्यात काय?" प्रश्न चोख होता. परवानगी मिळत असेल तर थांबा, राजीनामा देऊ नका, असंच आम्हीही सांगतो.

पासपोर्टसाठी ठाणेकरांना वागळे इस्टेटचं सेवा केंद्र आहे. तिथे लक्षात ठेवायची गोष्ट एकच : दहावीचं प्रमाणपत्र जोडा. नाहीतर पासपोर्टवर 'एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड' येऊ शकतं, आणि लेबनॉन, बहरीन, कुवेत, थायलंड, इंडोनेशिया अशा १८ देशांत कामासाठी जाताना त्यावर वेगळी मंजुरी घ्यावी लागते. नेमक्या यातल्याच काही देशांतून आपल्या मुलांना पहिली हाक येते.

आता मुख्य कागद, लेटर ऑफ क्लिअरन्स. एका देशाच्या महासंघाकडे नोंदलेला खेळाडू दुसऱ्या देशात नोंदायचा तर आधीच्या महासंघाचं हे पत्र लागतं. अर्ज खेळाडू करत नाही : नवा क्लब त्याच्या देशाच्या महासंघाकडे मागणी टाकतो, तो महासंघ फिबाच्या ऑनलाइन प्रणालीतून भारतीय महासंघाला विचारतो. उत्तर द्यायला सात दिवस. नकार द्यायचं कारण एकच मान्य आहे : बदलीच्या तारखेनंतरही खेळाडू एखाद्या क्लबशी कराराने बांधलेला असणं. जिल्हा सचिव नाराज आहे, राज्य शिबिराला आला नाही, वर्गणी बाकी आहे, यातलं काहीच कारण होऊ शकत नाही. १८ वर्षांखालच्यांना आंतरराष्ट्रीय बदली मुळात नाहीच. अपवाद फिबा तपासून देते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला "युरोपात क्लब मिळवून देतो" असं सांगून पैसे मागणारा भेटला तर हा नियम त्याच्यासमोर ठेवा आणि त्याचा चेहरा बघा.

म्हणून सुरुवातीचा तो प्रश्न. एखाद्या देशी लीगच्या करारात तिसऱ्या पानावर "पुढील हंगामासाठी मुदतवाढीचा अधिकार फ्रँचायझीकडे राहील" अशी ओळ असते. लीग पुढे भरतच नाही, पण कागद जिवंत राहतो. एका विंग (कडेने खेळणाऱ्या) खेळाडूचं असंच अडलं होतं. व्हिसा हातात, तिकीट काढलेलं आणि इकडून नकार. फ्रँचायझीकडून "कोणताही करार शिल्लक नाही" एवढं एका ओळीचं पत्र शिक्क्यासह मिळवल्यावर ते सुटलं. ही ओळ हंगाम संपतो त्याच दिवशी, मानधनाच्या शेवटच्या हप्त्याबरोबर मागून घ्यायची. वर्षभराने ती देणारा माणूसच त्या कंपनीत नसतो.

करार बघताना मुलं आकडा बघतात. आम्ही तारखा बघतो. सप्टेंबर ते मे असा हंगाम असेल तर किती हप्ते, कुठल्या तारखांना आणि पहिला कशानंतर? पहिला हप्ता तपासणी पास झाल्यावर काही दिवसांत मिळावा. "पहिल्या महिन्याच्या शेवटी" असं लिहिलं तर खेळाडू सहा आठवडे घरून पैसे मागवतो. रक्कम 'नेट', म्हणजे तिथला कर क्लबने भरल्यानंतरची, असं स्पष्ट हवं आणि तो कर भरल्याचा दाखला क्लबने द्यायचा हेही त्याच ओळीत हवं. राहायची जागा एकट्याची की वाटून, वीज-गरम पाण्याचं बिल कुणाचं (थंड देशात हे बिल भारी असतं), जाण्या-येण्याचं तिकीट, आरोग्य विमा, जेवण किती वेळचं. एजंटचं मानधन युरोपात सहसा क्लब देतो, साधारण दहा टक्के. ते खेळाडूच्या पगारातून वळतं करणारी ओळ असेल तर विचारा का.

'गॅरंटीड' हा शब्द आहे का, आणि त्याखाली तो खाणारी दुसरी ओळ आहे का? "कामगिरी असमाधानकारक वाटल्यास क्लब करार संपवू शकेल" असं पुढे असेल तर वरची हमी शोभेची. दुखापत झाली तर पगार चालू राहणार हे लिहिलेलं हवं. पगार ठरावीक दिवस थकला, समजा तीस, तर खेळाडू करार संपवून मोकळा होऊ शकेल आणि उरलेली रक्कम क्लबकडे येणं राहील, ही ओळ आम्ही सगळ्यात वर ठेवतो. क्लब ती काढायला लावतो तेव्हा त्याच्या तिजोरीचा अंदाज तिथेच येतो. राष्ट्रीय संघातला खेळाडू असेल तर फिबाच्या पात्रता सामन्यांच्या काळात सोडण्याचा उल्लेखही करून घ्या. सोडणं क्लबवर बंधनकारक असलं तरी त्या दिवसांचा पगार आणि तिकीट यावर वाद होतातच.

शेवटचं कलम वादाचं. तिथे बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनल, म्हणजे बॅट, हवं. २००७ पासून असलेली, जिनिव्हात बसणारी ही व्यवस्था. एकच लवाद, काम इंग्रजीत आणि बहुधा लेखीच, निर्णय एखाद्या देशाच्या कायद्याच्या कलमावर न अडता न्याय्य काय ते बघून. निकाल न पाळणाऱ्या क्लबवर फिबा नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी घालू शकते. मात्र तिथे जायचं शुल्क परत मिळत नाही आणि वर खर्चाची आगाऊ रक्कम भरावी लागते. हजार-दोन हजार युरो थकले म्हणून तिकडे धावणं परवडत नाही, क्लबांनाही हे ठाऊक असतं आणि नेमका तेवढाच हप्ता ते बुडवतात. मग कलम कशाला? ते नसेल तर त्या देशाच्या कोर्टात, त्यांच्या भाषेत भांडावं लागतं. कलम असलं की क्लब निदान पत्राला उत्तर देतो.

निघण्याआधी ठाण्यातच दोन्ही गुडघ्यांचा एमआरआय, ईसीजी आणि टूडी इको करून मूळ चित्रं सीडीवर घ्या, नुसता अहवाल नको. तिकडे तपासणीत जुना व्रण दिसला तर "हे आधीचं आणि स्थिर आहे" हे त्या सीडीवरूनच सिद्ध होतं. खेळाडूंच्या ईसीजीत काही बदल सरावामुळेच दिसतात. इको सोबत असेल तर एक आठवडा वाचतो. तपासणी आल्यापासून दोन-तीन दिवसांत आणि पहिल्या सरावाच्या आधी व्हावी, असं करारात हवं. सराव करवून घेऊन, आवडला नाही म्हणून तपासणीत नापास दाखवणं ही जुनी युक्ती आहे.

औषधांचं तर पावसाळ्यातच बजावतो. आपल्याकडे खोकल्यावर सर्रास मिळणाऱ्या बऱ्याच सिरपांत टर्ब्युटालिन असतं आणि ते बंदी असलेल्या यादीत आहे. जुलैत खोकला झाला, कोपऱ्यावरच्या केमिस्टने बाटली दिली, आणि ऑगस्टमध्ये उत्तेजक चाचणीसाठी नमुना घेतला गेला, एवढं पुरतं. सतनामवर हायजेनामिन सापडल्यामुळे दोन वर्षांची बंदी आली. हे द्रव्य वनस्पतींतही असतं आणि पूरक पावडरींतून पोटात जातं. गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन २०२२ पासून स्पर्धाकाळात बंद आहे, तेव्हा ऑर्थोपेडिककडे जाताना हे आधी सांगा. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांच्या मनात ते येत नाही.

पोहोचल्यावरचा खेळ थोडक्यात. परदेशी खेळाडूची जागा मर्यादित आणि महाग असते. सलग तीन सामने हरले की प्रशिक्षकाच्या आधी तोच बदलला जातो. आशियाई म्हणून वेगळी जागा मिळेल यावरही विसंबू नका, जपानच्या बी.लीगमध्ये तशी जागा आहे पण ती ठरलेल्या देशांपुरती, सगळ्या आशियासाठी नाही. सामन्यात पाच फाउल, ४० मिनिटं, हे आपल्याला सवयीचं. सवयीचा नसतो तो वेग : इकडे २४ सेकंदांतले पहिले सात-आठ सेकंद चेंडू वर आणण्यात जातात, तिकडे आठव्या सेकंदाला दुसरा पिक लागलेला असतो.

आणि मग जानेवारी. क्लबचा मॅनेजर एक पान घेऊन फ्लॅटवर येतो. वर स्थानिक भाषा, खाली इंग्रजी : उभयपक्षी संमतीने करार समाप्त, यापुढे कोणत्याही पक्षाचा दुसऱ्यावर कसलाही दावा राहणार नाही. सोबत परवाच्या विमानाचं तिकीट, आणि "पगार सोमवारी जमा होईल" हे तोंडी. खेळाडू घाबरलेला असतो, घरी यायला आसुसलेला असतो, आणि सही करतो. त्या क्षणी थकलेले दोन महिने गेले. "कसलाही दावा नाही" याचा अर्थ तोच. इकडे रात्री अडीचला फोन आला की आम्ही सांगतो, सही करू नकोस, बॅगही भरू नकोस, पानाचा फोटो पाठव. मग तीन गोष्टी त्यात हाताने घालून घ्यायच्या : थकलेली रक्कम आकड्यात आणि तारखेसह, ही समाप्ती रक्कम खात्यात जमा झाल्यावरच लागू होईल, आणि क्लब लेटर ऑफ क्लिअरन्सला हरकत घेणार नाही. क्लब आरडाओरडा करतो, पण बऱ्याच लीगमध्ये जुना परदेशी खेळाडू नोंदणीतून निघाल्याशिवाय नव्याची जागा मोकळी होत नाही. घाई त्यांनाही असते. नवा खेळाडू विमानतळावर उतरलेला असेल तर पैसे बहुधा दोन दिवसांत जमा होतात. संदेश, ईमेल, बँकेच्या नोंदी, सरावाला हजर असल्याचे फोटो, हे सगळं तोवर एका फोल्डरमध्ये जमवत राहायचं. सराव चुकवायचा नाही, कारण तोच करारभंग म्हणून पुढे येतो.

हिशेबाचं एक गणित खेळाडूंना कुणी सांगत नाही. नोकरीसाठी परदेशी जाणारा भारतीय नागरिक एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी काळ भारतात राहिला तर करासाठी अनिवासी ठरतो आणि तिकडच्या पगारावर इथे कर लागत नाही. १ एप्रिलपासून २८ सप्टेंबरपर्यंत १८१ दिवस होतात. ऑगस्टमध्ये गेलेला सुरक्षित. नाताळात घरी आला तर तेही दिवस मोजायचे. खरी गोची दुसऱ्या वर्षी होते. मेमध्ये परत आला, पुढचा करार झालाच नाही, जून ते मार्च इथेच राहिला, तर त्या वर्षासाठी तो निवासी झाला. मग एप्रिल-मेचा परदेशी पगार इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. तिथे कापलेल्या कराची वजावट मिळू शकते, पण क्लबचा तो दाखला असेल तरच. जूनमध्ये ईमेल केला तर उत्तर येत नाही, कारण क्लबची कचेरीच बंद असते. शेवटच्या सामन्यानंतर मॅनेजर अजून तिथे असतो, तेव्हाच दाखला घ्यायचा.

त्याच भेटीत आणखी एक. परत येऊन महाराष्ट्राकडून किंवा एखाद्या देशी लीगमध्ये खेळायचं असेल तर तीही आंतरराष्ट्रीय बदलीच. आता पत्र त्या देशाच्या महासंघाकडून भारतीय महासंघाकडे यायला हवं. घरी आलोय, आपल्याच राज्याकडून खेळतोय, याला कागद कशाला, असं म्हणून मुलं थेट निवड चाचणीला उभी राहतात आणि नोंदणीच्या टेबलावर अडकतात. करार कोणत्या तारखेला संपला याचं क्लबचं सही-शिक्क्याचं पत्र, कराचा दाखला, तपासण्यांचे अहवाल आणि मूळ करार हे चारही हातातल्या बॅगेत ठेवायचे, चेक-इनच्या सामानात नाही.